चारशे मीटरवरच्या दोन मात्रा

यंदा धरण काठोकाठ आहे. संक्रांत होऊन गेली, ज्वारीत दाणा भरायला लागला, तरी पाणी म्हणावं तसं मागे सरलेलं नाही. पाणी सरत नाही म्हणून गाळ उघडा पडत नाही, आणि गाळ उघडा पडत नाही म्हणून चिखलात चोची खुपसणारे पक्षी काठाजवळ येत नाहीत. माजलगावात सगळे खुशीत आहेत. मीही आहे, भरल्या धरणावर नाराज व्हायला मी काही वेडा नाही. पण रोज सकाळी तीन-साडेतीन किलोचं ओझं घेऊन काठावर जायचं आणि एकही फोटो न काढता परत यायचं म्हटल्यावर तोंड थोडं उतरणारच.

त्यात मुलीने नवा फोन पाठवला आहे. ती अंबाजोगाईला फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे खांदे, गुडघे आणि कंबरा ही तिची रोजची भाषा, आणि माझा उजवा खांदा बरेच दिवस तिच्या नजरेत आहे. "बाबा, ह्याला शंभर पट झूम आहे," ती म्हणाली. "आता ती तोफ विकून टाका. कोणी घेतंय तोवर विका, पुढे कोणी फुकटही नेणार नाही."

तोफ म्हणजे माझी लेन्स. सहाशे मिलिमीटरची. मोजणी खात्यात चौतीस वर्षं शेतांच्या हद्दी मोजल्या आणि रिटायर झाल्यावर ही घेतली. लोक अशा वेळी यात्रेला जातात, नाहीतर घरावर एक मजला चढवतात. कॅमेऱ्याला जोडली की ती कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरते. बायको तिला लोढणं म्हणते. नारायणगडाच्या यात्रेत एकदा ती गळ्यात अडकवून गेलो, तर एक पुढारी मला चॅनलवाला समजून गाडीच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने गर्दीकडे बघून हात जोडले. मी नेम धरला होता तो कळसावर बसलेल्या घारीवर. हे त्याच्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आल्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मी दर्शन न घेताच खाली उतरलो.

विकण्याचं मनावर घेण्याआधी दोन्हींची परीक्षा करावी म्हणून गेल्या आठवड्यात शेजारच्या टाकीवर बसलेल्या खंड्याचा फोटो आधी लेन्सने काढला, मग नव्या फोनने. आळीतल्या चार लोकांना दाखवला. चौघांनीही फोनचाच निवडला. पीस न् पीस वेगळं, निळा रंग असा की आत्ताच धुऊन वाळत घातलाय. माझ्या फोटोत खंड्याची अर्धी छाती सावलीत गेली होती. खोटं कशाला बोलू, मनातून मीही फोनचाच निवडला.

फोन हे कसं करतो ते मी समजून घेतलं आहे. तो एका दमात दहा-पंधरा फोटो काढतो, एकावर एक रचतो, आपला हात थरथरला असेल तर ते निस्तरतो. एवढं करूनही जे दिसलं नसेल, ते आधी पाहिलेल्या लाखो फोटोंच्या ओळखीवर भरून टाकतो. खंड्या त्याने पोत्याने पाहिलेले असतात. खंड्याचं पीस कसं असतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आमच्या तहसिलीत ह्या प्रकाराला जुना शब्द आहे. नजर अंदाज. पीक उभं असतानाच ते रुपयात किती पैसे येईल हे अनुभवी माणसं नुसतं बघून ठरवतात, ती नजर अंदाज पैसेवारी. पुढे शेतात चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं, आणि त्यावरून जी निघते ती शेवटची. नजर अंदाजाला हसण्यात अर्थ नाही. तो पुष्कळदा बरोबर निघतो, म्हणून तर इतकी वर्षं चालू आहे. चुकतो तेव्हा मात्र ज्याचं शेत असतं त्यालाच ते कळतं.

माझं आणि फोनचं वाजलं ते एकदाच, काही वर्षांपूर्वी, आणि तेही रशीदभाईंच्या फोनमुळे. रशीदभाईंचं दिंद्रुडला मोटरसायकलचं गॅरेज आहे. नोकरीत असताना माझी गाडी त्या रस्त्यावर इतक्यांदा बंद पडली की आमची ओळख झाली नसती तरच नवल. वयाने ते माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, बोलायला तिखट. मी रिटायर झालो तशी ते मला पहाटे मागे बसवून काठावर न्यायला लागले. पक्ष्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. मी तिपाई लावून, फोकस जुळवून, श्वास रोखून बसायचो आणि ते उभ्या उभ्या फोन काढून माझ्या आधी फोटो घेऊन मोकळे व्हायचे.

"तुमची तोफ भरून व्हईस्तोर लढाई संपती साहेब," ते म्हणायचे.

तो हिवाळा कोरड्या वर्षाचा होता. पावसाने पाठ फिरवलेली, धरणात पाणी तळाला. असं वर्ष माणसांना वाईट आणि पक्ष्यांना चांगलं जातं, हे बोलून दाखवायची सोय नसते. पाणी दर आठवड्याला पन्नास-शंभर पावलं मागे जाई आणि मागे राहिलेला गाळ आधी चकचकीत, मग काळा, मग पापडासारखा तडकलेला दिसे. त्यात लोकांनी टरबूज, काकडी लावली होती. आमच्याकडे त्याला गाळपेर म्हणतात. पहाटे हरभऱ्याच्या रानातून काठाकडे जाताना पानांवरच्या आंबट दवाने, आंबेने, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला व्हायचा आणि पायांची आग व्हायची. पुढे शिंपल्यांचा थर होता, पाय टाकला की कराकरा वाजायचा. कुजलेल्या शेवाळाचा, माशांचा आणि ओल्या मातीचा मिळून एक वास यायचा. तो वास पहिल्या दिवशी नकोसा होतो आणि आठव्या दिवशी त्याच्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. चक्रवाक जोडीजोडीने उतरायचे. शेकाट्या आपल्या लांब लाल पायांवर चिखलात फिरायच्या. एका सकाळी डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब आले आणि मी दोन तास जागचा हललो नाही.

त्याच दिवसांत पाण्यातून एक उंचवटा वर आला. आधी नुसती पाठ दिसली, मग आठवड्याभरात त्यावरचे दगड दिसायला लागले. पंधरा-वीस असतील, काही उभे, काही कलंडलेले. मी लेन्स तिकडे फिरवली ती त्यावर कोणी करकोचा बसलाय का ते बघायला. रशीदभाईंनी फोन खिशात ठेवला आणि चप्पल काढली.

"आमच्या गावचं कबरस्तान हाय ते," ते म्हणाले.

त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा ते चार वर्षांचे होते. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. गाव सोडण्याआधी वडिलांनी तिच्या कबरीवर दगड बसवला. घडवणाऱ्या पाथरवटाला उर्दू येत नव्हतं, म्हणून नाव मराठीत कोरलं. खैरून. पुढे पाणी आलं. दरवर्षी शबेबरातीला, गेलेल्यांसाठी दुआ मागायच्या दिवशी, वडील ह्या पोराला घेऊन काठावर यायचे आणि पाण्याकडे तोंड करून फातिहा वाचायचे. कबर कुठे आहे म्हणून विचारलं की हाताने एक मोठा अर्धगोल काढायचे आणि म्हणायचे, तिकडं.

"वडील गेले, आता मीच येतो," रशीदभाई सांगत होते. "पण तिकडं म्हंजे कुठं साहेब? अख्खं धरणच तिकडं हाय. दर साली वाटतं, मी वाचतो खरं, पण अम्माकडं पाठ करून तर उभा न्हाई ना."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.  आम्हा मोजणीदारांना हद्द सापडत नाही म्हणून भांडणारे लोक माहीत, आई सापडत नाही म्हणून गप्प राहणारा माहीत नव्हता.

चालत जाता येईल असा तो गाळ नव्हता. वर कोरडी पपडी आणि खाली लोण्यासारखा चिखल. रशीदभाई दुसऱ्या दिवशी एकटेच गेले, तीस पावलांत कमरेपर्यंत रुतले, आणि एका मासेमारी करणाऱ्याने दोर टाकून ओढलं म्हणून बाहेर आले. त्यानंतर त्यांनी काठावरूनच फोन लांबवला, असेल नसेल तेवढा झूम लावला आणि दगडांचे फोटो घेतले.

संध्याकाळी मला गॅरेजवर बोलावणं आलं. रशीदभाईंनी हात धुतले होते, हेच मला नवीन होतं. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

"वाचा साहेब."

एक उभा दगड होता, अगदी स्वच्छ. कडा सुबक, रंग एकसारखा. मधे अक्षरांसारख्या रेघा होत्या, ठसठशीत. मला त्या लागेनात.

"ख न्हाई का दिसत? हे बघा, र आन् व, थोडा फाटलाय इतकंच. फुडं रून. खैरून." त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "अंबाजोगाईला आपाला पाठिवला. फोनवर रडत व्हती ती."

आपा म्हणजे त्यांची मोठी बहीण. तिनेही खैरूनच वाचलं होतं. एकदा सांगितल्यावर मलाही दिसायला लागलं. ख आणि रव ह्यांचा घोळ आमच्या खात्यात नवा नाही. एका जुन्या कागदावर खंडूचा रवंडू झालेला मी स्वतः पाहिला आहे, आणि तो बिचारा पुढे तीन नकलांमध्ये रवंडूच राहिला. त्यामुळे फाटलेल्या ख ला मी हरकत घेतली नाही. दोनच दिवसांत तो फोटो मोठा होऊन, काचेच्या फ्रेममध्ये, गॅरेजात पान्यांच्या फळीच्या वर लागला. शबेबरात तीन आठवड्यांवर होती. यंदा बराबर तोंड करून वाचणार, असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते.

मला मात्र त्या दगडाचा आकार झोपू देईना. वर निमुळता, चारी बाजूंनी ठोकून सारखा केलेला. असे दगड मी आयुष्यभर पाहिले होते.

लांब पल्ल्याच्या लेन्सला एक वेळ असते. ऊन चढलं की जमिनीवरची हवाच हलायला लागते आणि मग कितीही मोठी काच लावा, समोरचं सगळं तळ्यात पडल्यासारखं डुलतं. सूर्य उगवल्यापासूनचा अर्धा तास तेवढा आपला. त्या वेळी ऊन आडवं येतं आणि दगडावरचं कोरीव काम सावलीने उठून दिसतं. मी एकटाच गेलो, बसने आणि पुढे पायी. तिपाईचे पाय शिंपल्यांत रोवले आणि वाट बघत बसलो.

दगड उजळला तेव्हा त्यावर एक बाण होता आणि बाणाखाली सत्तावीस होते. २७. मोजणीचा दगड होता तो. धरणासाठी जमीन मोजली तेव्हा कोणीतरी कबरस्तानाच्या कडेला रोवलेला. फोनने २ चा र केला. ७ ला एक दांडा जोडून त्याचा व केला. त्या र आणि व मधून रशीदभाईंनी ख वाचला, बाणाच्या दोन तिरक्या रेघा मात्रा म्हणून धरल्या. पुढचं रून म्हणजे दगडाच्या भेगा होत्या.

दोन दिवस मी गॅरेजकडे फिरकलो नाही. बायको म्हणाली, "कशाला सांगता? त्याला त्याची आई मिळाली ना?" तिचं चूक नव्हतं. पण रशीदभाई आमच्या खात्याच्या दगडासमोर हात उचलून आईसाठी दुआ मागताहेत हे चित्र मला सहन होईना. शिवाय मनात आणखी एक होतं, आणि तेही इथे लिहून टाकतो. माझी तोफ फोनपेक्षा खरी निघाली ह्याचा मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

मी गॅरेजवर गेलो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना तो फोटो दाखवला. बाण दाखवला, आकडा दाखवला. त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही.

"तुमी कावून गेलता तिथं?"

"बघायला."

"म्या सांगितलं व्हतं का, जाऊन बघा म्हणून?"

"नाही."

रशीदभाई फ्रेमकडे बघत होते. "इतक्या सालात मला एक दगड घावला व्हता साहेब," ते म्हणाले. "तुमाला त्याचा नंबर घावला."

मग त्यांनी फडक्याने हात पुसले आणि एका गाडीचं चाक खोलायला बसले.  मी कॅमेरा पिशवीत घातला आणि निघालो.

पुढचे नऊ दिवस मी पक्षी बघायला गेलो नाही. जायला गाडी नव्हती हे कारण मी घरात सांगत होतो. सकाळी जाग यायची, लेन्स कपाटात दिसायची आणि मी चहाचा कप घेऊन ओट्यावर जायचो. खरं सांगितल्याचं समाधान वगैरे जे म्हणतात ते मला मुळीच मिळालं नाही. मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

दहाव्या दिवशी उजाडायच्या आत दारात गाडी वाजली. रशीदभाई मफलर गुंडाळून बसले होते. खाली उतरले नाहीत.

"तो दगड तुमचा," ते म्हणाले. "मग अम्माचा कंचा? घ्या तोफ."

त्या सकाळपासून आम्ही दगडामागून दगड घेतला. रोज अर्धा तास. मी फोटो काढायचो, मग दोघं झाडाखाली बसून पडद्यावर एकेक मोठा करून बघायचो. बहुतेक दगड कोरे होते. दोन-तीनांवर उर्दू होतं, ते रशीदभाई वाचायचे आणि कोणाचं कोण ते सांगायचे. काही इतके गाळात गेलेले की नुसता माथा वर. तिसऱ्या सकाळी बसल्या बसल्या त्यांना वडिलांची एक तक्रार आठवली. पाथरवटाने आधी एकच मात्रा कोरली होती, खेरून. वडील मराठी शाळेत शिकलेले, ते तिथेच अडून बसले. मग त्याने दुसरी मात्रा घातली, पण जागा उरली नव्हती, म्हणून ती वाकडी आली आणि पहिलीपेक्षा लांब गेली.

"मरस्तोर बोलायचे," रशीदभाई म्हणाले. "तुझ्या अम्माची मात्रा वाकडी केली म्हणायचे, त्या पाथरवटानं."

पाचव्या सकाळी धुकं होतं. सूर्य उशिरा दिसला आणि दिसला तो थेट आडवा आला. उंचवट्याच्या डाव्या टोकाला एक दगड होता, गाळात निम्म्याहून जास्त बुडालेला. आधी दोनदा आम्ही तो कोरा म्हणून सोडून दिला होता. त्यावर गाळाच्या बरोबर वर एक आडवी रेघ उमटली. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ असते तशी. अक्षरं खाली गाळात. आणि रेघेच्या वर, डाव्या बाजूला, दोन तिरके ओरखडे. पहिला आखूड. दुसरा लांब, आणि वाकडा.

फोटो काही छान नव्हता. दाणेदार, करडा, कडेला धुकं. रशीदभाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि मोजलं.

"एक मात्रा. दोन मात्रा."

नाव दिसत नव्हतंच. नाव गाळात होतं. नंतर त्यांनी आपल्या फोनमधला त्याच दगडाचा फोटो काढून बघितला. त्यात दगड अगदी गुळगुळीत होता. त्या दोन रेघा फोनला धूळ वाटल्या असाव्यात, त्याने त्या नीट पुसून घेतल्या होत्या.

रशीदभाई शिंपल्यांत बसले आणि रडले. मीही रडलो. पक्षी त्या दिवशी कोणते होते ते मला आठवत नाही.

पुढचं काम माझ्या हातातलं होतं. घरी माळ्यावर जुनी मोजणीची लाकडी फळी होती, नेम धरायची पट्टी होती. काठावर दोन जागा धरल्या, त्यांच्यातलं अंतर टेपने मोजलं, दोन्हीकडून त्या दगडावर नेम धरून कागदावर रेघा मारल्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे दगड. काठापासून चारशे बारा मीटर. रशीदभाई फळीवर वाकून बघत होते.

"फुडल्या साली पाणी आलं तरी?" त्यांनी विचारलं.

"पाणी आलं तरी. रेघ हलत नाही."

त्यांनी गॅरेजमधून मोटरसायकलच्या मोडलेल्या शॉकॉबच्या दोन लोखंडी दांड्या आणल्या. आम्ही त्या काठावर, पाणी कधी चढत नाही अशा उंच जागी, एकामागे एक ठोकल्या. मागच्या दांडीशी उभं राहायचं, पुढची तिच्या रेषेत आणायची, की तोंड बरोबर त्या दगडाकडे होतं. तीन दिवसांनी शबेबरात होती. उन्हं कलल्यावर ते आपाला घेऊन आले आणि मी लांब रस्त्यावर गाडीजवळ थांबलो.

आता मुलीच्या 'विकून टाका'चं उत्तर द्यायचं तर मला ते सरळ देता येत नाही. फोन खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. समोरचा अडखळला की त्याचं वाक्य आपणच पुरं करणारी भली माणसं असतात, त्यांच्यातला तो आहे. बहुतेक वेळा वाक्य बरोबर पुरं होतं. लग्नाला, बारशाला, टाकीवरच्या खंड्याला मी आता फोनच नेईन, आणि पुढच्या वर्षी तो आणखी हुशार झालेला असेल. त्याला जगातले दगड कसे असतात ते चांगलं माहीत आहे. पण खैरूनबींच्या दगडावरची दुसरी मात्रा वाकडी आहे, हे वडिलांना आणि त्या पाथरवटाला ठाऊक होतं, आणि दोघंही उरले नव्हते. ती कोणाच्याही अंदाजात बसणारी नव्हती. लेन्सला दगड कसे असतात ते ठाऊकच नाही. तिच्यात जेवढा उजेड शिरला तेवढाच ती पुढे ढकलते, ओरखडा असेल तर ओरखड्यासकट. एवढ्यासाठी खांदा मोडून घ्यावा का, हे ज्याने त्याने ठरवावं. ज्याचं कोणी चारशे मीटरवर नाही, त्याने खुशाल विकावी.

आणि माझीही फुशारकी फार चालत नाही. गॅरेजातली ती फ्रेम रशीदभाईंनी अजून काढलेली नाही. तो २७ नंबरचा दगड आजही पान्यांच्या वर टांगलेला आहे. मी एकदा न राहवून विचारलं.

"असू द्या की," ते म्हणाले. "दगड तुमचा हाय, पण नाव तर आमी अम्माचंच वाचलं ना त्याच्यात."

मी फ्रेमच्या काचेवरची धूळ रुमालाने पुसली.

परवा शबेबरात झाली. दुपारी रशीदभाई घरी आले आणि मला विचारायच्या आत त्यांनी कपाटातून लेन्स काढून आपल्या खांद्याला अडकवली. मी म्हटलं, धरण भरलंय, आज काय दिसणार आहे. ते म्हणाले, बसा मागं. काठावर पाणी पुढच्या दांडीपासून हातभर अंतरावर आलं होतं. उंचवटा, दगड, गाळपेरीची रानं, सगळं पाण्याखाली. वारा नव्हता. त्यांनी मागच्या दांडीपाशी तिपाई उभी केली, आणि लेन्स दांडीच्या रेषेत कशी आणायची ते मला विचारून विचारून आणली. मी कडेला बसून तिपाईचा एक पाय धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्या कॅमेऱ्याला डोळा लावला नव्हता. परवा लावला, आणि बराच वेळ काढला नाही.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पाणी," रशीदभाई म्हणाले. "अम्माच्या वरचं."